पाहुण्यांच्या धावा, घरचे बळी : विदर्भाच्या रणजी संघाविषयी एका वरुडकराचे मत

विदर्भाच्या क्रिकेट संघात ‘आपले’ किती आणि ‘बाहेरचे’ किती, हा वाद आमच्या वरुडात दर हिवाळ्यात संत्र्याच्या आंबिया बहाराबरोबर येतो आणि बहार संपला तरी संपत नाही. आज त्या वादाचा थोडा इतिहास मांडतो. धागा लांबला आहे. मधेमधे माझी मतेही येतील; ती इतिहासापासून वेगळी ओळखू येतील, असा प्रयत्न केला आहे.

सुरुवात दोन अंतिम सामन्यांच्या संघनिवडीपासून करू. दोन्ही निवडी अकोल्याच्या मुलांच्या आहेत.

पहिली, २९ डिसेंबर २०१७ ची. इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भ आपला पहिला रणजी अंतिम सामना दिल्लीविरुद्ध खेळत होता. हुकमी वेगवान गोलंदाज उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघालेला. अशा वेळी कोणताही सावध प्रशिक्षक अनुभवी हात शोधतो. चंद्रकांत पंडितांनी अकोल्याच्या आदित्य ठाकरेला (राजकारणातले ते वेगळे) अंतिम सामन्यात प्रथम श्रेणीचे पदार्पण करायला लावले. त्याचे वय होते एकोणीस. कर्णधार फैज फझलने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले आणि या पोराने सुरुवातीलाच दिल्लीला धक्का दिला.

दुसरी, २६ फेब्रुवारी २०२५ ची. नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्ध अंतिम सामना. या वेळी अकोल्याचाच अथर्व तायडे, म्हणजे शिकून-सवरून तयार झालेला सलामीवीर, संघाबाहेर बसवला गेला. सलामीला ध्रुव शोरीबरोबर आला पार्थ रेखडे, जो मुळात डावखुरा फिरकीपटू. तिसऱ्या क्रमांकावर आला दर्शन नळकांडे, जो मुळात वेगवान गोलंदाज. थोड्याच वेळात फलकावर ३ बाद २४ असा आकडा लागला. त्या सकाळी वऱ्हाडात निवडकर्त्यांविषयी काय काय बोलले गेले, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

एका निवडीला आपण धाडस म्हटले, दुसरीला मूर्खपणा. दोन्ही सामन्यांनंतर करंडक मात्र विदर्भाकडेच आला. निकाल लागल्यावर मागे वळून निवडीला शहाणी किंवा वेडी ठरवणे, ही चाहत्यांची खोड तशी इतिहासकारांचीही आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

विदर्भ नावाचा रणजी संघ १९५७-५८ च्या हंगामात प्रथम मैदानात उतरला. हे साल लक्षात ठेवावे. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर-वऱ्हाडचे मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. त्याआधी रणजी करंडकात आपल्या भागाचा संघ ‘मध्यप्रांत-वऱ्हाड’ या नावाने खेळत असे. जुना प्रांत मोडला, नवे राज्य मिळाले नाही, तरी क्रिकेटच्या नकाशावर विदर्भ राहिला. आजही महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात. विदर्भ राज्य झाले नाही. विदर्भाचा संघ तेवढा झाला. त्यामुळे या संघात कोण खेळतो, हा प्रश्न आमच्याकडे निव्वळ खेळाचा कधीच नव्हता.

आता ‘बाहेरच्या’ खेळाडूंची गोष्ट. गंमत अशी की, या व्यवहारात नागपूर आधी देणारे होते, घेणारे नव्हे. कर्नल सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले, तेथेच क्रिकेट शिकले. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून १९२३ मध्ये ते इंदूरला गेले. संस्थानच्या लष्करात त्यांना हुद्दा मिळाला. पुढे १९३२ मध्ये ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले आणि होळकर संघाला त्यांनी देशातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक केले. त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्याची यादी पाहा : इंदूरचे मुश्ताक अली, सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, आणि आपल्या नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड. महायुद्धाच्या काळात लष्करी नोकरीनिमित्त भारतात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तर १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करूनही हरला. हाच कॉम्प्टन इंग्लंडात आर्सेनलकडून फुटबॉलही खेळत असे. तेव्हा ‘पैसे देऊन बाहेरून माणसे आणणे म्हणजे आयपीएलनंतरचा बिघाड’ हे जे आपण ऐकतो, ते खरे नाही. आश्रयदाते बदलले. राजांच्या जागी क्रिकेट संघटना आल्या, एवढेच.

विदर्भाकडे मात्र राजा नव्हता. पहिली पन्नास वर्षे हा संघ मध्य विभागातला एक सोशिक पाहुणा होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ मध्ये पहिली कसोटी झाली खरी. पण त्या मैदानावर विदर्भाचा स्वतःचा माणूस भारताकडून कसोटी खेळताना आपण पाहिला नाही. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू उमेश यादव. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला. त्याची पहिली कसोटी नोव्हेंबर २०११ मध्ये. संघ १९५७ चा आणि कसोटीपटू २०११ चा, हे अंतर चोपन्न वर्षांचे आहे. अमरावतीची क्रीडापरंपरा त्या काळात क्रिकेटची नव्हतीच, हेही येथे सांगायला हवे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आला. आमचा आखाडा जगाला माहीत होता. आमचा फलंदाज नागपुरालाही माहीत नव्हता.

बदल कधी झाला? माझ्या मते पाहुणे खेळाडू आले तेव्हा नव्हे. २००९ च्या सुमारास विदर्भ क्रिकेट असोसिएशनने नागपुरात निवासी अकादमी सुरू केली, तेव्हा. आदल्याच वर्षी जामठ्याचे नवे मैदान तयार झाले होते. मैदान दिसते, त्याचे फोटो निघतात. अकादमी दिसत नाही. म्हणून चाहत्यांच्या आठवणीत जामठा आहे आणि अकादमी नाही. पण २०१७-१८ मध्ये संघ जिंकला तो त्या आठ-नऊ वर्षांत तयार झालेल्या मुलांच्या जिवावर.

पाहुण्यांचा क्रम पाहिला, तर हे अधिक स्पष्ट होते. नियमाप्रमाणे एका संघाला असे तीन खेळाडू घेता येतात. २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचा एस. बद्रीनाथ कर्णधार म्हणून आला, कर्नाटकाचा गणेश सतीश आला. पुढच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर आला. संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचू लागला. पोहोचू लागला आणि तिथेच थांबू लागला. नुसत्या अनुभवाची मजल तेवढीच होती.

मग २०१७ मध्ये पंडित आले. मुंबईला प्रशिक्षक म्हणून तीनदा रणजी जिंकून देणारा हा माणूस. पण २०१६-१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि त्यांचे तिथले दिवस संपले. गोलंदाजीसाठी सुब्रतो बॅनर्जी होते. त्या हंगामाचा उपांत्य सामना मला अजून पाठ आहे : कोलकात्याचे ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. आपण १८५ मध्ये गुंडाळले गेलो. करुण नायरने १५३ धावा करून कर्नाटकाला ३०१ पर्यंत नेले. दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या. त्यांत ८१ होत्या गणेश सतीशच्या, म्हणजे कर्नाटकाच्याच माणसाच्या. कर्नाटकाला जिंकायला हव्या होत्या १९८. ते १९२ वर थांबले. रजनीश गुरबानी या अभियांत्रिकीच्या पदवीधराने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात १२.

मी तेव्हा बारावीत होतो. अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस १ जानेवारी २०१८ चा. बसस्थानकाजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सात-आठ जण एका फुटक्या पडद्यावर ओणवे झालेले. दिल्लीच्या पहिल्या डावात शोरीने १४५ केल्या होत्या. गुरबानीने त्याला बाद करूनच त्रिक पूर्ण केले होते आणि रणजीच्या अंतिम सामन्यात त्रिक साधणारा तो दुसरा गोलंदाज ठरला होता. दिल्ली २९५. मग आपल्या ५४७ धावा, त्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३. शेवटी नऊ गड्यांनी विजय. दुकानदाराने त्या दिवशी कोणाकडूनही पैसे घेतले नाहीत. ज्या इंदूरने नागपूरकडून नायडू नेले, त्याच इंदूरच्या होळकर नावाच्या मैदानावर विदर्भ पहिल्यांदा जिंकला, हे मला पाच वर्षांनी एम. ए. च्या वर्गात बसल्यावर लक्षात आले.

पुढच्याच वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेचे सामन्यात ११ बळी, आणि चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच गोलंदाजीवर बाद, धावा १ आणि ०. त्या हंगामात जाफरने चाळिशीत पाय ठेवून १,०३७ धावा केल्या. जाफरविषयी एक गोष्ट त्याने स्वतः सांगितलेली आहे : दुखापतीमुळे खेळू न शकलेल्या हंगामाचे पैसे संघटनेने त्याला दिले होते, म्हणून २०१७-१८ चा हंगाम तो मानधन न घेता खेळला. ‘भाड्याचा खेळाडू’ हा शब्द वापरताना हे आठवावे.

आता मुद्द्यावर येतो. तिन्ही विजेतेपदांचे अंतिम सामने घ्या : दिल्ली, सौराष्ट्र, केरळ. प्रतिस्पर्ध्यांचे एकूण ५० गडी विदर्भाने बाद केले. त्यांपैकी एकही बळी पाहुण्या खेळाडूच्या नावावर नाही. गुरबानी, ठाकरे, नेरळ, वखरे, सरवटे, उमेश, नळकांडे, दुबे, रेखडे, यश ठाकूर : सगळे विदर्भातल्या क्रिकेटमधून वर आलेले. पाहुणे आणले ते बहुतेक फलंदाज. विदर्भाने धावा बाहेरून मागवल्या असतील. बळी घरीच पिकवले. आणि चार-पाच दिवसांचे सामने शेवटी बळींवरच जिंकले जातात.

धावांच्या बाबतीतही पाहुण्यांचे श्रेय मोजूनमापून द्यावे लागते. २०१७-१८ च्या हंगामात सर्वांत जास्त धावा जाफरच्या नव्हत्या. फैज फझलच्या होत्या, ९१२. म्हणून ‘बाहेरच्यांनी जिंकवून दिले’ हे विधान पुराव्यावर टिकत नाही. पण ‘बाहेरच्यांची गरजच नव्हती’ हेही टिकत नाही. आमच्या शिवारात संत्र्याचे झाड संत्र्याच्या मुळावर उभे नसते. ते जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेले कलम असते. खुंट कमजोर असेल तर कलम कितीही चांगले आणा, झाड वाळते. बद्रीनाथच्या काळात खुंट अजून कोवळा होता. जाफर आला तेव्हा तो धरू लागला होता.

आणि पाहुण्यांचा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. कोलकात्यात आपल्याविरुद्ध १५३ करणारा नायर आणि इंदुरात १४५ करणारा शोरी, दोघेही २०२३-२४ पासून विदर्भाकडून खेळू लागले. ज्यांनी आपल्याला सर्वांत जास्त छळले, नेमके तेच आपण निवडले. या निवडीला मी पूर्ण गुण देतो. नायरला कर्नाटकाने दूर केले होते. २०२५ च्या केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ वरून संघाला सावरले ते त्याने आणि नागपूरच्या एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने, २१५ धावांच्या भागीदारीने. मालेवार १५३, नायर ८६. दुसऱ्या डावात नायर १३५. विदर्भ ३७९, केरळ ३४२, आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरे विजेतेपद. त्याच सामन्यात केरळकडून चिवटपणे ७९ धावा काढणारा फलंदाज कोण होता? आपला आदित्य सरवटे. २०१९ मध्ये याच मैदानावर आपल्याला करंडक जिंकून देणारा सरवटे आता केरळचा ‘बाहेरचा’ खेळाडू होता. कोट्टायम-पालक्काडच्या चहाच्या टपरीवर त्याच्यामुळे कोणाची जागा गेली, यावर नक्कीच वाद झाला असेल.

पंडितांबद्दलही दोन शब्द. २०२० मध्ये ते मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२१-२२ मध्ये त्या संघालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. कर्णधार म्हणून १९९८-९९ मध्ये याच मध्य प्रदेशाकडून त्यांनी अंतिम सामना गमावला होता. त्यामुळे ‘सगळी पंडितांची किमया’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण २०२४-२५ चा विजय उस्मान गनी या विदर्भाच्याच जुन्या खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली आला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामातला हा विक्रम आहे. यश राठोडने ९६० धावा केल्या. दोघेही घरचे. प्रशिक्षक पाहुणा होता तेव्हा संघ जिंकायला शिकला; तो गेल्यावर ते शिकलेले टिकले. यापेक्षा चांगली पावती कोणत्या शिक्षकाला मिळणार?

तर मग तायडेला वगळणे चूक होते का? माझे मत : होय, चूकच. रेखडेने मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे यांना बाद केले होते. त्याची संघातली जागा पक्की होती, यात वाद नाही. तायडेच्या धावा आटल्या होत्या, हेही मान्य. पण सलामी हे कसब आहे. नवा चेंडू अंगावर घेण्यासाठी गोलंदाजाला पुढे करणे म्हणजे सुताराला गवंडीकाम देणे होय. सामना जिंकला, म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. त्या सकाळचे कर्ज मालेवार आणि नायरने फेडले. याच न्यायाने २०१७ ची ठाकरेची निवड मी सामना हरला असता तरी योग्यच मानली असती. वेगवान गोलंदाजाची जागा रिकामी होती, तिथे वेगवान गोलंदाजच घेतला. वय कमी होते, काम तेच होते.

मला अधिक खुपणारा प्रश्न मात्र निराळा आहे. ‘आपला की बाहेरचा’ म्हणताना आपण विदर्भाची सीमा डोळ्यांपुढे आणतो. विदर्भात अकरा जिल्हे आहेत. मैदान, अकादमी आणि निवड चाचण्या नागपुरात. आमच्या वरूड-मोर्शीची संत्री जगभर ‘नागपुरी’ म्हणून विकली जातात, त्याचे आम्हाला आता काही वाटत नाही. खेळाडूंचेही तसेच होते. अकोल्याचे ठाकरे, तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा हे वर आले, कारण अकोला-अमरावतीत निदान क्लब आहेत. वरुडात माझ्याबरोबर खेळणारा एक डावखुरा गोलंदाज होता. चौदा वर्षांखालच्या एका चाचणीला तो पहाटेच्या एसटीने निघाला. पोहोचला तेव्हा नावनोंदणी संपली होती. दुसऱ्या वर्षी त्याचे वय बसेना. आता तो मंडीत बसतो आणि अजूनही चेंडूसारखे संत्रे बोटांत फिरवतो. त्याची जागा जाफरने घेतली नव्हती, नायरनेही नाही.

ताजी स्थिती सांगून थांबतो. नायर २०२५ मध्ये कर्नाटकाकडे परतला. जितेश बडोद्याकडे गेला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्याला इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवले. त्यात सलामीला येऊन १४३ धावा केल्या अथर्व तायडेने. त्या संध्याकाळी दुकानात एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होते : “आपलं पोट्टं हाये ते, अकोल्याचं.”

कोणाकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांतली अकोला-अमरावतीच्या सामन्यांची धावफलकाची पाने, वर्तमानपत्रांची कात्रणे किंवा जिल्हा संघांची छायाचित्रे असतील, तर फोटो काढून या धाग्याखाली टाका. माझ्या प्रबंधातले ते प्रकरण अजून जवळजवळ कोरे आहे.